चिंचोक्यांचं रुग्णालय

कर्नलसाहेबांनी लोणच्याची रिकामी बरणी टेबलावर उपडी केली आणि चिंचोके खडखडत पसरले. "हे पेशंट," ते म्हणाले. मग रुमालाची गाठ सोडून कवड्या काढल्या. "ह्या सिस्टर. मोजक्याच आहेत, जपून वापरा."

समोर ड्रॉइंगचे चार कागद चिकटवून केलेला पट होता. कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर, आयसीयू, वॉर्ड. प्रत्येकात पेन्सिलीने आखलेल्या चौकटी. एक चौकट म्हणजे एक खाट. फाशावर जेवढं दान पडेल तेवढे चिंचोके कॅज्युअल्टीच्या दारात यायचे. पुढच्या विभागात चौकट रिकामी असेल आणि शेजारी कवडी असेल तरच चिंचोका पुढे सरकणार, नाहीतर तो दोन कागदांमधल्या पट्टीवर थांबणार. त्या पट्टीवर कर्नलसाहेबांनी निळ्या शाईत 'कॉरिडॉर' लिहिलं होतं. थांबलेल्या प्रत्येक चिंचोक्यामागे तासाला एक आगकाडी. आमच्या पटावरचा तास दोन मिनिटांचा होता. म्हणजे चोवीस तासांचं रुग्णालय अठ्ठेचाळीस मिनिटांत चालवायचं.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. बावीस वर्षं मी बाळंतपणं केली होती. आठ महिन्यांपूर्वी पन्नास खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या अधीक्षकपदाचा कार्यभार गळ्यात पडला, आणि आता प्रशिक्षणाच्या नावाखाली चिंचोक्यांशी खेळायचं? लहानपणी भातुकली केली होती की. तिथेही चिंचोके होते, ते तेव्हा तांदूळ असायचे.

आमच्या टेबलावर चौघं. कॅज्युअल्टी कोकणातल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे, थिएटर एका तरुण भूलतज्ज्ञाकडे, आयसीयू एका अधिसेविकाबाईंकडे. त्यांना सगळे मेट्रनच म्हणत होते. माझ्या वाट्याला वॉर्ड आला. शेवटचा कागद. इथून चिंचोका बरा होऊन बरणीत जाणार. सोपं काम मिळालं म्हणून मी जरा सैलावून बसले.

पहिले पाच-सहा तास छान गेले. मग फाशावर लागोपाठ तीन सहा पडले. हाडांचे डॉक्टर हातवारे करायला लागले, थिएटरसमोर चिंचोक्यांची रांग लागली, भूलतज्ज्ञ 'आयसीयू घेत नाही' म्हणून मेट्रनकडे बोट दाखवू लागला. मेट्रन शांत होत्या. त्यांच्या चौकटी भरलेल्या होत्या आणि त्यांचे चिंचोके माझ्याकडे यायचे होते. मी मान हलवून सांगितलं, "वॉर्ड फुल आहे." पुढच्या तासाला पुन्हा, "फुल." मेट्रननी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुमच्या हाताखाली काय आहे?"

माझा डावा तळवा पटावर पालथा पडला होता. तो उचलला. खाली दोन चौकटी. रिकाम्या.

मी त्या लपवल्या होत्या का? शपथेवर सांगते, ठरवून नाही. पुढे आणखी वाईट दान आलं तर आपल्याकडे दोन असाव्यात, एवढंच मनात कुठेतरी होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली हेच बघत आले होते. बायकांच्या वॉर्डच्या परिसेविका सकाळच्या फोनवर 'एकही नाही' सांगतात आणि कोपऱ्यातल्या खाटेवर जादा उशा, घड्या केलेल्या चादरी रचून ठेवलेल्या असतात. मी त्यांच्यावर चिडायचे. आणि आता चिंचोक्यांच्या रुग्णालयात, जिथे कुणाचा जीव जाणार नव्हता, कुणी जाब विचारणार नव्हतं, तिथेही माझ्या हाताने तेच केलं होतं.

खेळ संपला तेव्हा आमच्या टेबलावर 61 आगकाड्या जमल्या. सर्वांत वाईट आमच्या नव्हत्या, एवढंच समाधान.

कर्नलसाहेब लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले. बोलणं तुटक, पण गोष्ट रंगवून सांगायची हौस. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं की सैन्याला हे नवीन नाही. 1824 साली प्रशियाच्या सैन्यातल्या रायस्वित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन लढाईचा खेळ रचला, आणि तिथले अधिकारी तो खेळून हुकूम द्यायला शिकू लागले. मग अमेरिकेतल्या एमआयटीचे जे फॉरेस्टर आले, आणि त्यांच्या परंपरेतला 'बिअर गेम'. नाव ऐकताच मागच्या बाकांवर खसखस पिकली. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना, असे चार खेळाडू. गिऱ्हाइकाची मागणी सगळ्या खेळात एकदाच बदलते, चार पेट्यांवरून आठवर जाते आणि तिथेच राहते. तेवढ्यावर चौघं मिळून असा गोंधळ घालतात की कधी गोदामं ओस, कधी माल ठेवायला जागा नाही. शेवटी विचारलं, की गिऱ्हाइकाची मागणी कशी होती, तर बहुतेक जण सांगतात, 'गिऱ्हाईकच लहरी होतं.' गिऱ्हाईक बिचारं आठावर ठाम उभं असतं. आमचा पट मात्र आणखी एका अमेरिकी खेळावरून घेतला होता, 'फ्रायडे नाइट अ‍ॅट द ईआर'. त्यातही चार विभाग आणि एक दिवस-रात्र. शुक्रवारची रात्र आपल्याकडे सोमवारची सकाळ झाली आणि सोंगट्यांचे चिंचोके झाले, इतकाच कर्नलसाहेबांचा हातभार. चिंचोके त्यांच्या बायकोने साठवलेले होते.

मला मात्र आजोळचा मोक्षपट आठवत होता. कापडावर रंगवलेला, सापांच्या तोंडाशी दुर्गुणांची नावं. आपल्याकडे त्याचा संबंध परंपरेने थेट ज्ञानेश्वरांशी जोडतात. त्या पटावर 'माझी खाट' नावाचा साप कुणी काढलेला मला आठवत नाही. काढायला हवा होता.

दुपारी कर्नलसाहेबांनी फळ्यावर एक वक्ररेषा काढली आणि केसपेपरच्या खिडकीचं उदाहरण घेतलं. एक खिडकी, एक कारकून, एका माणसाला पाच मिनिटं. लोक आपल्या सोयीने, कसेही येतात. कारकुनाचा निम्मा वेळ कामात जात असेल तर माणूस रांगेसकट सरासरी दहा मिनिटांत मोकळा होतो. ऐंशी टक्के वेळ कामात गेला तर पंचवीस मिनिटं. नव्वद टक्के, तर पन्नास. पंचाण्णव टक्के झाले की शंभर मिनिटं! कारकून तोच, त्याचा हात तेवढाच चालतो. कामचुकार तर तो अजिबात नाही, उलट श्वास घ्यायला सवड नाही त्याला. रांगेचं हे गणित 1909 साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाच्या गणितज्ञाने सुरू केलं. फोन जोडून द्यायला किती तारा लागतील, एवढाच त्याचा प्रश्न होता. नव्वद वर्षांनी, 1999 मध्ये, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिघा संशोधकांनी संगणकावर एक काल्पनिक रुग्णालय चालवून पाहिलं. खाटा सरासरी 85 टक्क्यांच्या वर भरलेल्या राहू लागल्या की तातडीच्या रुग्णाला खाट न मिळण्याचा धोका दिसू लागतो. नव्वदच्या वर गेल्या की खाटांचा तुटवडा ही नेहमीचीच गोष्ट होते. रुग्णालय लहान असेल तर उसंत त्याहूनही कमी.

मी वहीत 85 लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. आमचा दरमहा अहवाल वर जातो. त्यात ऑक्युपन्सीचा रकाना असतो. मागच्या तिमाहीत आमचा आकडा 96 होता आणि मी तो बैठकीत अभिमानाने वाचून दाखवला होता. रिकामी खाट म्हणजे कमी काम, हेच आम्हाला आजवर विचारलं गेलं आणि आम्ही तेच उत्तर देत आलो. "रिकामी खाट म्हणजे स्टेपनी," कर्नलसाहेब म्हणाले. "घाटात गाडी घालताना ती नसली तर ड्रायव्हरला तुम्ही हुशार म्हणाल का?"

घाट म्हटल्यावर माझं लक्ष उडालं.

त्याच तिमाहीतली गोष्ट. पहाटे एका पाड्यावरून दुसऱ्या खेपेची बाई आली होती. कळा सुरू, पण वेळ होता, असं मला वाटलं. प्रसूती वॉर्डातल्या वीसही खाटा भरलेल्या, जमिनीवर तीन गाद्या. त्यातच रात्री दोन सिझर झालेले. मी कागदावर 'खाट उपलब्ध नाही' लिहून 108ची गाडी बोलावली आणि तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. घाटातच तिचं बाळंतपण झालं. गाडीतल्या डॉक्टरने केलं, आई आणि मुलगी सुखरूप. कुणी तक्रार केली नाही. आठवड्याने तिची सासू आली ती आमच्या व्हरांड्यात विसरलेली गोधडी न्यायला. गोधडी मिळाली, तिने घडी घातली, 'येते बाई' म्हणाली आणि गेली.

त्या सकाळच्या वीस खाटा मी प्रशिक्षणाच्या वर्गात बसून आठवत होते. एकेक करून. सहा खाटांवर आदल्या दिवशी सुट्टी झालेल्या बायका होत्या. बऱ्या झालेल्या, कपड्यांचं गाठोडं बांधून बसलेल्या. मी खोटं लिहिलं नव्हतं. खाट खरोखरच उपलब्ध नव्हती. माझ्या तळव्याखाली सहा चौकटी होत्या, एवढंच.

दुसऱ्या फेरीत कर्नलसाहेबांनी आम्हाला उठवून एकमेकांच्या खुर्च्यांवर बसवलं. मी कॅज्युअल्टीवर. तिथे एक जादा कार्ड होतं, 'पुढे पाठवा'. ते वापरलं की चिंचोका थेट बरणीत टाकायचा आणि पाच आगकाड्या भरायच्या. पाठवलेला चिंचोका बाकीच्यांसारखाच दिसतो. बरणीत पडताना आवाजही तसाच. मला ते कार्ड वापरवलं नाही. हा सद्गुण मानू नये. त्यामुळे कॉरिडॉर तुंबला आणि आगकाड्या वाढल्या. मात्र ह्या वेळी मेट्रन वॉर्डवर होत्या आणि त्या दर तासाच्या सुरुवातीला मोठ्याने सांगत होत्या, "दोन रिकाम्या, तिसरी होतेय." नुसतं एवढं वाक्य. कुणी मागितलं नसताना. भूलतज्ज्ञाने आपली एक कवडी त्यांना उसनी दिली. शेवटी 38 काड्या. शेजारच्या टेबलाच्या मात्र पहिल्या फेरीपेक्षा वाढल्या. ते खुर्च्या बदलल्या म्हणून भांडत बसले होते.

परत आल्यावर मी रुग्णालयात हा खेळ मांडला. हौस म्हणा. चिंचोके आमच्या शिपायाच्या घरून आले, कवड्यांऐवजी शर्टाची बटणं. ऑपरेशन थिएटर-आयसीयू वगैरे काढून टाकलं आणि पट फक्त प्रसूतीचा केला: तपासणी, लेबर रूम, वॉर्ड, दार. कर्नलसाहेबांच्या खेळात एक मोठी त्रुटी होती, ती मला बसमध्येच जाणवली होती. त्यात चारही खुर्च्यांवर साहेबलोक होते. खाट रिकामी करतं कोण? चादर बदलते ती मावशी. बाईला घरी पोचवतो तो 102चा चालक. त्यांच्यासाठी पटावर खुर्चीच नव्हती. म्हणून मी दोन मावशींना, चालकाला, लसीकरणाच्या सिस्टरला आणि एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावलं. मावशी आधी बसायलाच तयार नव्हत्या. साहेबांच्या टेबलाला खुर्ची लावून कसं बसायचं? शेवटी आम्ही सगळेच सतरंजीवर बसलो.

तासाभरात मला माझं रुग्णालय कळलं, जे आठ महिने खुर्चीवर बसून कळलं नव्हतं.

मी सकाळची ओपीडी उरकून राउंड घेते. म्हणजे दीड-दोन वाजता. मग डिस्चार्ज कार्डं लिहायची, ती चार वाजता हातात पडतात. "पण पाड्याकडची एसटी अडीचला जाते," थोरल्या मावशी म्हणाल्या. "म्हणून त्या बसून राहतात. नंतरची मुक्कामाची. ती रात्री जाते, रात्री कोण तान्हं घेऊन उतरणार?" 2011पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला फुकट घरी सोडायची सोय आहे, मग एसटी कशाला, असं मी विचारलं. त्यावर चालक हसला. "मॅडम, डोंगरावरची एक फेरी अडीच तासांची. चारला कार्ड दिलंत तर मी एकीला सोडून येतो तोवर अंधार. बाकीच्या उद्यावर." लसीकरणाच्या सिस्टर खाली बघत म्हणाल्या, की बाळांची बीसीजी दुपारी बारानंतर होते. कुपीत बऱ्याच बाळांची लस असते, एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. म्हणून त्या बाळं जमायची वाट बघतात. त्यांचं बरोबरच होतं. वाया गेलेल्या लसीचा हिशेब त्यांना द्यावा लागतो. खाटेचा हिशेब त्यांना कुणी कधी विचारला नव्हता.

प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर होता. मीसुद्धा. ओपीडीत दोनशे माणसं ताटकळत असताना राउंडला जाणारी डॉक्टर बेजबाबदारच ठरली असती.

आम्ही पटावर घड्याळ उलटं फिरवून पाहिलं. कार्डं आदल्या संध्याकाळी लिहून ठेवायची, सकाळी आठला फक्त आई-बाळाला तपासून सही. लस सकाळी नऊला, सगळ्यांची एकदम. गाडीची पहिली फेरी साडेनऊला. बटणं सरकली, चिंचोके भराभर दाराबाहेर गेले. तरुण डॉक्टर खूश झाला. मी पण. तेव्हा धाकट्या मावशी, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, हळूच म्हणाल्या, "मॅडम, अमावस्या राहिली."

"म्हणजे?"

"अमावस्येला लेकराला घरी नेत नाहीत. त्या दिवशी कार्ड दिलं तरी बसूनच राहतात. वॉर्ड तुंबतो तो त्याच्यामुळं."

मी एका कागदावर काळा गोल काढला आणि ते कार्ड पटावर ठेवलं. पुढच्या फेरीत ते निघालं तेव्हा एकाच दिवसात आमचा कॉरिडॉर भरला. एर्लांगच्या समीकरणात अमावस्या नाही. लोक आपल्या सोयीने कसेही येतात, हे त्याचं खरं. पण आमच्याकडे ते जातात तिथी बघून. अंधश्रद्धा म्हणून मी त्यावर व्याख्यान देऊ शकले असते. बावीस वर्षांत कितीदा दिलंही आहे. एकही खाट त्याने रिकामी झाल्याचं आठवत नाही.

प्रत्यक्षात सगळं पटावरच्यासारखं झालं नाही. संध्याकाळी कार्डं लिहायला दोघा डॉक्टरांनी महिनाभर कुरकुर केली. कार्ड तयार असलं की सही उरकून टाकायचा मोह होतो. एकदा सकाळी एका बाळाच्या छातीपर्यंत कावीळ उतरलेली सिस्टरने दाखवली, कार्ड लिहून तयार होतं. तेव्हापासून बाळ उजेडात नेऊन बघितल्याशिवाय सही नाही, असा नियम केला. गाडी महिन्यातून दोनदा तरी दुरुस्तीला असते. चिंचोक्याला नवरा नसतो, त्याला घ्यायला कुणी येतच नाही असंही होत नाही, आमच्याकडे होतं. एक बाई तिसरी मुलगी झाली म्हणून पाच दिवस दाराकडे बघत बसली होती. तिच्यासाठी कुठलं कार्ड काढायचं ते मला सुचलं नाही, थोरल्या मावशींनाही नाही. तिची खाट आम्ही मोजली नाही.

ऑक्युपन्सी मात्र उतरली. मागच्या महिन्यात 83. बैठकीत विचारणा झाली, की काम कमी झालं का? बाळंतपणं आदल्या तिमाहीपेक्षा जास्त झाली होती, तो आकडा मी पुढे केला. साहेबांनी दोन्ही आकड्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि 'पुढचा विषय' म्हणाले.

पट माझ्या कपाटात गुंडाळून ठेवला आहे. शिपायाने मधे काही चिंचोके भाजून खाल्ले, तेव्हा रुग्णसंख्या थोडी घटली आहे. काळ्या गोलाचं कार्ड प्रसूती वॉर्डाच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी टाचलं आहे. उद्या अमावस्या. काल धाकट्या मावशींनी सकाळीच आठवण केली, म्हणून नऊ कार्डं कालच लिहून ठेवली होती. गाडीच्या तीन फेऱ्या झाल्या. सहा जणी घरी पोचल्या, तिघी परवा जातील. वॉर्डात आत्ता पाच खाटा रिकाम्या आहेत.